उंबऱ्याखालचे लोखंड

घाटमाथ्यावरच्या खडकाळ वाटेने चारचाकी नेणाऱ्या नवख्या चालकाची सारी भीती गाडीच्या नाकाशी एकवटलेली असते. पुढचे चाक कोणत्या दगडावर चढते आणि कोणत्या दगडाला टाळून जाते एवढेच तो पाहत असतो, आणि जो दगड आपण मोठ्या कौशल्याने चुकवला असे त्याला वाटते, तोच दगड क्षणभराने दाराखालच्या उंबऱ्याला येऊन भिडतो. याचे कारण निव्वळ भूमितीचे आहे. वळण घेताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागावरून न जाता आतल्या अंगाने जवळची वाट काढते, त्यामुळे पुढच्या चाकाने वळसा घातलेला पाषाण दोन चाकांमधल्या कुशीखाली सापडतो. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी सध्याची थार घेतली, तर तिच्या पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर २४५० मिलिमीटर, पोटाखालची मोकळीक २२६ मिलिमीटर आणि पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याची मर्यादा सुमारे २७ अंश आहे. हे आकडे मोठे उदार वाटतात खरे, पण इगतपुरीकडच्या काळ्या धोंड्यांनी कंपनीचे माहितीपत्रक वाचलेले नसते.

या उंबऱ्याच्या रक्षणासाठी जो लोखंडी दांडा आम्ही बसवतो त्याला साधे गिऱ्हाईक साइड बार म्हणते, डोंगरात गाड्या घालणारी तरुण मंडळी रॉक स्लायडर म्हणतात, आणि बाजारात मात्र या दोन्ही नावांखाली बहुधा पाय ठेवण्याची पायरी विकली जाते. दीड मिलिमीटर जाडीच्या चकचकीत नळीची ती पायरी वृद्ध माणसाला गाडीत चढताना उपकारक असते आणि तिची निंदा करण्याचे मला काहीच प्रयोजन नाही. परंतु सुमारे पावणेदोन टनांची गाडी एका अंगाने खडकावर विसावली की ती नळी वाकून ज्याचे रक्षण करायचे त्या उंबऱ्यातच घुसते, आणि मग दार उघडेनासे होते.

खऱ्या संरक्षक दांड्याचे अधिष्ठान बॉडी नव्हे, चासी होय. थार, जिप्सी, गुरखा, किंवा जुन्या एमएम ५४० सारख्या जीपगाड्या यांच्या तळाशी शिडीच्या आकाराची पोलादी चौकट असते, आणि बैलगाडीची साटी जशी खालच्या लाकडांवर वेगळी बसवलेली असते तशी बॉडी त्या चौकटीवर रबरी गुटक्यांच्या आधाराने टेकलेली असते. खडकाळ जागी एक चाक वर आणि दुसरे खाली गेले म्हणजे चासी पिळते, बॉडी तिच्यामागून आपल्या वेगळ्या गतीने हलते, आणि दोहोंमधले रबर हा सारा कलह निमूटपणे सोसत राहते. ज्या कारागिराने दांड्याचे एक टोक चासीला आणि दुसरे उंबऱ्याच्या पत्र्याला जखडले, त्याने या दोघांना परस्पर बांधून टाकले. अशा गाडीच्या उंबऱ्याला काही महिन्यांतच बोल्टाच्या छिद्राभोवती चिरा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. सबब दांडा सर्वस्वी चासीवर पेलावा, आणि उंबरा व दांडा यांमध्ये निदान दोन बोटांची जागा राखावी, म्हणजे आघाताने दांडा थोडा लवला तरी तो पत्र्याला शिवत नाही.

चासीवर म्हणजे कसा, याविषयी आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक पंथ वेल्डिंगचा: आधाराचे हात सरळ चासीला जोडून टाकावेत, नट नाही, बोल्ट नाही, खडखडाट नाही. बळाच्या दृष्टीने या पंथाला नावे ठेवता येत नाहीत, पण त्याचा एक दोष बाहेरून दिसत नाही. चासीचा आडवा छेद पेटीसारखा बंद असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पेटीच्या आतल्या बाजूचा मूळ कारखानी लेप जळून जातो, आणि तेथे कोणाचाही कुंचला पुन्हा पोचू शकत नाही. बाहेरून सांधा सुबक, आतून गंजाला मुक्तद्वार. शिवाय नव्या गाड्यांच्या चासीचे पोलाद उच्च बळाचे असते आणि उष्णतेने त्याचा गुण सांध्याच्या लगत उतरतो. म्हणून मी दुसऱ्या पंथाचा, बोल्टांचा. सहा मिलिमीटर जाडीची प्लेट चासीच्या उभ्या बाजूस बसवावी. छिद्र पाडणे अटळच असेल तर ते उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावे, वरच्या वा खालच्या पट्टीला कदापि हात लावू नये, कारण वाकवणारा ताण तेथेच सर्वाधिक असतो. बोल्ट पेटीच्या आरपार जाणार असेल तर आत पोलादी नळीचा तुकडा घालावा, म्हणजे आवळताना पेटीच्या भिंती आत दबत नाहीत. ड्रिल लावण्यापूर्वी चासीच्या आतल्या अंगाने जाणारी ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि तारांचा जुडगा यांची खातरजमा करावी, हे सांगण्याची वस्तुतः गरज नसावी, पण आहे.

दांड्यासाठी मी ४८.३ मिलिमीटर बाह्य व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा काळा पाइप वापरतो. त्याचे वजन मीटरमागे साडेतीन किलोंच्या किंचित वर भरते, आणि प्लेटा व हात धरून दोन्ही बाजू मिळून गाडीवर सुमारे चाळीस किलो चढतात. याहून जाड पाइपाचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक येते तेव्हा मी त्यास इतकेच विचारतो, की हे वजन चढणीवर कोण ओढणार? पाइप वाकवताना त्याला घडी पडू नये म्हणून छोट्या कारखान्यांत अजूनही तो कोरड्या वाळूने ठासून भरतात. वाळू ओलसर राहिली आणि पाइप तापवला, तर आतल्या वाफेने टोकाची डाट बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटते, तेव्हा वाळू आधी भाजून घ्यावी. आधाराचे हात आडवे न ठेवता बाहेरच्या दिशेने किंचित वर चढते ठेवले, तर खडकापासूनची मोकळीकही वाचते आणि दगड दांड्यावर अडकून न राहता घसरतो. गंज लागणार नाही या लोभाने पांढरा, म्हणजे जस्त चढवलेला पाइप आणणारेही भेटतात. त्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा धूर निघतो आणि कारागिराला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गूळ-दूध घेतल्याने हा ताप टळतो अशी आमच्यात जुनी समजूत आहे. टळत नाही, जस्त आधी घासून काढल्याने आणि खेळत्या हवेत काम केल्याने टळतो.

कायद्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी दाखल्यातील तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाड्यांवरच्या लोखंडी बुलबारांविरुद्ध कारवाई करण्याविषयी राज्यांना कळवले होते. सबब बाजूचा दांडा टायरच्या बाह्य रेषेपलीकडे जाता कामा नये हा माझा दंडक आहे, आणि काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करावी असे मी प्रत्येकास सांगतो. ऐकतात थोडे.

आता रंग. सर्वसाधारण समज असा की फॅब्रिकेटरने आपले काम संपवले म्हणजे रंगाऱ्याचे सुरू होते. माझ्या मते हीच साऱ्या अनर्थाची सुरुवात आहे. कारखान्यातून आलेल्या काळ्या पाइपावर निळसर काळी, काचेसारखी पापडी असते. ती गुळगुळीत दिसते म्हणून तिच्यावरच रंग मारला जातो. पण ती पोलादाशी एकजीव नसते, तडकते, आणि त्या तडीतून पाणी शिरले की पापडी स्वतः शाबूत राहून शेजारच्या उघड्या लोखंडाला झपाट्याने गंजवते. ती समूळ काढावी: वाळूच्या माऱ्याने उत्तम, ग्राइंडरने मध्यम. नंतर थिनरच्या स्वच्छ फडक्याने तेल पुसून त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात द्यावा. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा लोखंडाचे तापमान दवबिंदूहून निदान तीन अंशांनी अधिक नसेल, तर डबाच उघडू नये. डोळ्यांना न दिसणारा ओलावा पृष्ठभागावर बसलेला असतो आणि रंग त्याच्यावर बसतो. म्हणून श्रावणात दांडा हवा असे म्हणणाऱ्यास मी दांडा करून देतो आणि रंगासाठी दिवाळीनंतरची मुदत मागतो.

जुने रंगारी लोखंडी पुलांना व जहाजांना जवसाच्या तेलात खललेल्या शेंदराचा पहिला हात देत. तो शिशाचा ऑक्साइड गंजाला खरोखरच प्रतिबंध करी, पण शिशाच्या विषापायी तो मागे पडला, आणि त्याच्या जागी आलेल्या रेड ऑक्साइडने त्याचा वर्ण तेवढा उचलला, गुण नव्हे. डोंगरात जाणाऱ्या गाडीसाठी मी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर पसंत करतो, कारण ओरखडा पडला तरी जस्त स्वतः आधी झिजून लोखंडाला काही काळ वाचवते. इपॉक्सी उन्हाने पिठाळते, तेव्हा त्यावर काळ्या रंगाचा वेगळा थर हवाच.

भट्टीत सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजलेल्या पावडर कोटिंगचा मोह सर्वांना पडतो, आणि घराच्या खिडकीच्या जाळीसाठी तो योग्यही आहे. परंतु हा दांडा ओरखडे खाण्यासाठीच जन्मास आलेला असतो. पावडरचा थर एकदा टवका उडून फुटला की पाणी त्याच्याखालून सरपटत जाते, वरचे आवरण महिनोन्‌महिने अखंड दिसते, आणि ते घरच्या घरी कुंचल्याने सांधता येत नाही. त्याहून गंभीर दोष बसवणीचा आहे. प्लेट आणि चासी यांच्या मिलनपृष्ठांवर असा जाड, मऊ थर राहिला तर बोल्टाच्या दाबाखाली तो हळूहळू चेपतो, बोल्टाचा ताण उतरतो, आणि ८.८ प्रतीचा बारा मिलिमीटरचा बोल्ट नियमाप्रमाणे आवळूनही सैल निघतो. मालक दोष बोल्टाला देतो, फॅब्रिकेटर दोष मालकाच्या चालवण्याला देतो, आणि रंगाऱ्याचे नाव कोणी काढत नाही. म्हणून मी मिलनपृष्ठांवर प्रायमरचा एकच पातळ हात ठेवतो, दांडा बसवून बोल्ट आवळतो, आणि मगच प्लेटीच्या कडा, बोल्टांची डोकी व सांध्याची रेघ कुंचल्याने रंगवून बंद करतो. माझ्या पावतीवर बसवणी आणि रंगकाम असे दोन रकाने नसतात, त्यावर हिशेबी गिऱ्हाइके हरकत घेतात.

पाइपाच्या टोकांना झाकण्या वेल्ड केल्या तरी सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवावे, आणि त्यातूनच आत मेणयुक्त गंजरोधक फवारावा. कोकणात पुळणीवर गाडी घालून आलेल्यांनी दांड्याची मागची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. बाहेरची बाजू प्रत्येकजण धुतोच. पहिल्या चार-पाचशे किलोमीटरांनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि मृगापूर्वी गाडी उचलून दांड्याच्या खालच्या अंगावरचे ओरखडे घासून, प्रायमर व काळा रंग लावून घ्यावेत. गाडी ताब्यात देताना मी या दोन्ही रंगांच्या लहान डब्या सोबत देतो. त्या हरवतात, हार्डनर न मिसळताच वापरल्या जातात, क्वचित घराच्या फाटकालाही लागतात. मागितल्यास पुन्हा देतो.