परत येणारा सूर

रॉबर्ट फ्रिपची गिटार मी पहिल्यांदा ऐकली ती 'रेड'मध्ये. कॉलेजच्या वसतिगृहात एका सीनियरने कॅसेट भरून दिली होती. किंग क्रिमसन या इंग्लिश बँडचा 1974चा हा अल्बम दुकानात आला तेव्हा फ्रिपने बँड मोडूनही टाकला होता, हे पुढे कळलं. त्या वयात मला त्यातला दणका आवडला. आवाज अंगावर यायचा. वाजवणारा मात्र स्टुलावर शांत बसलेला असतो, याचं फार अप्रूप वाटे.

नोकरीला लागल्यावर 'नो पुसीफुटिंग' हाती आला आणि हाच माणूस नव्याने भेटला. सप्टेंबर 1972, लंडन, या अल्बममधला त्याचा जोडीदार ब्रायन ईनो याचं घर. दोन रिव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारीशेजारी, आणि पहिल्यावरून निघून दुसऱ्यावर जाणारी एकच टेप. पहिल्या यंत्राने टिपलेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजतो, तिथून पुन्हा पहिल्याकडे पाठवला जातो. त्यावर नवा सूर चढतो, जुना हळूहळू विरतो. यंत्रांमध्ये जेवढं अंतर, तेवढा उशीर. वाजवलेलं परत येतंच, चुकलेलंही येतं, आणि त्याला सांभाळून घेतच पुढचा सूर लावावा लागतो. 'द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन' हा वीस मिनिटांहून लांब तुकडा असा तयार झाला. पुढे या रीतीला 'फ्रिपरट्रॉनिक्स' नाव मिळालं आणि 1979 मध्ये फ्रिप ती घेऊन एकटाच रेकॉर्डच्या दुकानांत, उपाहारगृहांत वाजवत हिंडला.

टेपची ही युक्ती आधी अमेरिकेत संगीतकार टेरी रायलीने वापरली होती. रायली 1970 मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. अब्दुल करीम खाँ याच घराण्याचे, आणि मिरजेत राहिलेले. त्यामुळे हे सगळं आपल्या तंबोऱ्यापाशी आणून सोडायचा मोह होतो. पण ते खरं नाही. तंबोरा गाणाऱ्याखाली अढळ राहतो. फ्रिपच्या संगीतात खालची जमीनच सतत झिजते आणि नव्याने घडते. मला तर त्याची थोरवी त्यातच दिसते.

आई गेली त्या वर्षी मी 'अ ब्लेसिंग ऑफ टीअर्स' ऐकत असे. 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित झालेलं हे संगीत फ्रिपने आपल्या आईच्या स्मृतीला वाहिलं आहे. एव्हाना टेपच्या जागी डिजिटल यंत्रं आली होती. सूर कधी सुरू झाला ते कळत नाही, संपलेलाही उशिरा लक्षात येतो. भेटायला येणाऱ्यांचे चार शब्द तेव्हा मला जड जात होते. हे संगीत माझ्याकडून उत्तराची अपेक्षा करत नव्हतं.

फ्रिपला कोरडा, डोक्याने वाजवणारा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. 1977 मध्ये बर्लिनला डेव्हिड बोवीच्या 'हीरोज'साठी वाजवताना, कुठल्या सुराला अँपपासून किती लांब उभं राहायचं याच्या खुणा त्याने जमिनीवर केल्या होत्या. एवढी काळजी प्रेमाशिवाय घेतली जात नाही.

2020च्या टाळेबंदीत त्याने परत येणाऱ्या सुरांचं असं जुनं वादन दर आठवड्याला एक, असं 50 आठवडे लोकांपुढे ठेवलं. ऐकायचं ठरवलंत तर 1975च्या 'ईव्हनिंग स्टार'पासून सुरुवात करा, आणि तेवढा वेळ हातात दुसरं काम घेऊ नका.