जडसंग्रहांतील चैतन्य

सेवानिवृत्तीनंतर अंबाबाईच्या दर्शनास सहकुटुंब कोल्हापुरास जाण्याचा योग आला. देवीची ओटी भरणें यथासांग झालें. परंतु हदगांवीं परतलों तो एका जुन्या अपराधाची आठवण मनांत घेऊनच. ती वाचकांपुढें मांडल्यावांचून चित्ताला स्वस्थता लाभेल असें वाटत नाहीं.

तेथील एका वृद्ध स्नेह्यांनीं आम्हांस गांव दाखविलें व कोल्हापूरच्या चित्रपटांचा इतिहास अभिमानानें कथन केला. बाबूराव मेस्त्री हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. म्हणून लोक त्यांस पेंटर म्हणूं लागले. आपले बंधु आनंदराव यांच्यासह त्यांनीं चलच्चित्रें घेणारा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनीं तें काम तडीस नेलें. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० सालीं पडद्यावर आला व लोकमान्यांनीं त्यांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. १९२५ सालच्या 'सावकारी पाश' या मूकपटांत तर त्यांनीं देवदानव बाजूस ठेवून कर्जानें नाडलेला शेतकरी दाखविला. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनीं केली. पुढें शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींनीं १९२९ सालीं 'प्रभात' स्थापिली ती कोल्हापुरांतच. १९३३ मध्यें ती पुण्यास गेली.

"तो मूक 'सावकारी पाश' आज कोठें पाहावयास मिळेल?" मीं सहज विचारलें.

"कोठेंच नाहीं, गुरुजी," स्नेही म्हणाले. "'सैरंध्री'ही नाहीं."

कारण त्यांनींच सांगितलें. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून सिद्ध केलेली. एकदां पेटली कीं ती पाण्यालाही दाद देत नाहीं. आगींतून वांचलेल्या कित्येक फिती आंतील रुप्यासाठीं वितळविल्या गेल्या. १९४८ सालीं गांधीहत्येनंतरच्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं. तोंवर पुष्कळ कांहीं नष्ट झालें होतें. पुढें ८ जानेवारी २००३ रोजीं प्रभातच्याच जुन्या आवारांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून शेंकडों चित्रपटांच्या फिती जळाल्या.

रात्रीं स्नेह्यांच्या नातवानें मोबाइलवर मला एक चित्र दाखविलें. उत्तर इंग्लंडांतील लीड्स शहरीं लुई ले प्रिन्स या फ्रेंच गृहस्थानें ऑक्टोबर १८८८ मध्यें बागेंत फिरणारीं घरचीं माणसें टिपलीं होतीं. सारा खेळ दोन-तीन सेकंदांचा! त्यांत त्यांच्या सासूबाईही चालतांना दिसतात. पुढल्या दहा-बारा दिवसांत त्या वारल्या; परंतु लंडनच्या संग्रहालयानें प्रत काढून ठेविल्यामुळें आजही त्या तशाच चालत आहेत. लीड्सच्या शेजारचें ब्रॅडफर्ड शहर तर २००९ सालीं युनेस्कोनें पहिलें चित्रपटनगर म्हणून गौरविलें.

त्या वृद्धेचीं पावलें पाहतां पाहतां माझ्या डोळ्यांपुढें आमचे शास्त्रीबुवा उभे राहिले.

मला संस्कृत त्यांनींच शिकविलें. फोटो काढवून घेण्यास त्यांचा आमरण विरोध होता. परंतु मी विद्यार्थी असतांना शाळेच्या स्नेहसंमेलनास नांदेडचे एक हौशी गृहस्थ लहानसा कॅमेरा घेऊन आले व त्यांनीं न कळत बुवांस टिपलें. पुढें एकदां पांढऱ्या धोतरावर तें चित्र आम्ही पाहिलें. उपरणें सांवरीत, डावा पाय किंचित् ओढीत बुवा अंगण ओलांडून आले आणि कॅमेरा दिसतांच रागावण्याऐवजीं हंसले. त्यानंतर तो डबा कपाटांत पडला.

बऱ्याच वर्षांनीं शाळेचें भांडार माझ्याकडे आलें. डबा उघडतांच आंबूस दर्प आला. फीत कुजली असें समजून मीं जडसंग्रहाच्या नोंदवहींत स्वहस्तें 'निरुपयोगी' असा शेरा लिहिला. निर्लेखन झालें, भंगारवाल्यानें इतर अडगळीबरोबर तोही वजनावर नेला. तो आंबूस वास अशा फितीच्या क्षयाचा प्रारंभ असतो व त्या वेळीं प्रत काढून घेतां येते, हें मला कोल्हापुरांत कळलें. 'जड' शब्दाचे अर्थ मुलांस शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला हातांतलें चैतन्य ओळखतां आलें नाहीं!

आपल्या माळ्यावर, ट्रंकेंत असा एखादा डबा असेल, तर शेरा मारण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावा, एवढीच विनंती.

परवां बुवांची नात माहेरपणास आली होती. "गुरुजी, आजोबांचें एकही चित्र आमच्याकडे नाहीं. ते दिसत कसे, चालत कसे?" तिनें विचारलें. मीं तिला सारें खरें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. मग मी उठलों, खांद्यावर उपरणें घेतलें आणि डावा पाय किंचित् ओढीत अंगणाच्या त्या टोंकापर्यंत चालत गेलों.