ॲबिंग्डन : एका मोटारीच्या माहेरी

लंडनहून निघालेला आपल्याकडचा प्रवासी ऑक्सफर्डची महाविद्यालये पाहतो आणि माघारी फिरतो. तेथून दक्षिणेस अवघ्या दहा किलोमीटरांवर टेम्सच्या काठी वसलेल्या ॲबिंग्डनची वाट सहसा कोणी धरीत नाही. वास्तविक गाव पुरातन. येथील ख्रिस्ती मठ आठव्या हेन्रीच्या अमदानीत, १५३८ साली मोडला गेला. त्याच्या काही इमारती तेवढ्या उरल्या आहेत. नदीवर पंधराव्या शतकातला दगडी पूल आहे, सेंट हेलेन चर्चचा निमुळता मनोरा आहे, आणि बाजारचौकात सतराव्या शतकातील भव्य काउंटी हॉल आहे. त्या हॉलमधल्या संग्रहालयात, जुन्यापुराण्या वस्तूंच्या मेळ्यात, चक्क एक मोटार विराजमान झालेली दिसते.

तिच्यावरचे अष्टकोनी चिन्ह वडोदरेकराला परके वाटू नये. आपल्या हालोलच्या कारखान्यातून २०१९ पासून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर तेच चिन्ह आहे. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या त्या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी हलक्या, चपळ मोटारी बांधण्यास आरंभ केला आणि १९२९ साली कारखाना ॲबिंग्डनला, चामडे कमावण्याच्या एका कारखान्याच्या रिकाम्या जागेत आणला. १९६२ ते १९८० या काळात निघालेल्या ‘एमजीबी’ मोटारींची संख्या पाच लाखांवर गेली. १९८० च्या ऑक्टोबरात कारखान्याला टाळे लागले. गावातल्या घराघरांतून ज्याचा भोंगा ऐकून माणसे कामाला जात, तो कारखाना गेला. पण तिथल्या हातांची विद्या एकदम गेली नाही.

त्या विद्येचे दर्शन मला घडले ते भाच्यामुळे. इंग्लंडात स्थायिक झालेल्या या भाच्यापाशी १९६८ ची एमजीबी आहे. गाडी रस्त्यावर झकास धावे. परंतु सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा ताल बिघडे. आपले मेकॅनिक ज्याला ‘स्लो’ म्हणतात तो तिला मुळी साधतच नसे. क्षणात इंजिन गुरगुरे, क्षणात धाप लागल्यासारखे होऊन बंद पडे. एकदा भर चौकात, धाकटी लेक शेजारी बसलेली असताना, गाडी अशी बंद पडली. तेव्हापासून घरात एकच घोष होता : ही विका. गिऱ्हाईकही ठरले होते. “मामा, एकदा ॲबिंग्डनला दाखवू, मग जाऊ दे तिला,” असे म्हणून त्याने मला बरोबर घेतले.

गावाबाहेरच्या एका लहानशा शेडमध्ये सत्तरीचे एक कारागीर भेटले. भाच्याने वर्षभर कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळून पाहिले होते. म्हाताऱ्याने प्रथम त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला. “दोष जिथे दिसतो तिथेच असतो असे नाही,” एवढेच ते म्हणाले. इंजिन चांगले तापू दिले, मग प्लग तपासले, पॉइंटांतील फट मोजली. ती इंचाच्या पंधरा सहस्रांशांइतकी, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर हवी. टॅपेट पाहिले. तोवर सारे ठीक होते. मग तेलाच्या कुप्पीने त्यांनी कार्ब्युरेटरच्या सांध्यांवर थेंब थेंब तेल सोडले. मागच्या सांध्यावर तेल पडताच इंजिनाचा स्वर पालटला! तेथले पॅकिंग कडक होऊन चिरले होते आणि त्या फटीतून जादा हवा आत शिरत होती. वेगात असताना तेवढ्या हवेचा पाड लागत नाही. मंद चालीत इंजिनाचा श्वासच थोडा, तेव्हा तीच हवा पेट्रोलचे प्रमाण बिघडवते.

नवे पॅकिंग बसले. पुढचे काम कानाचे. या गाडीला एस. यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. पादत्राणांच्या व्यापारातील घराण्यातल्या स्किनर बंधूंनी ते शोधले. आरंभीच्या नमुन्यांत चामड्याचा भाताच असे. आता त्या जागी धातूचा दट्ट्या आहे. हवेच्या ओढीने तो वर उचलला जातो आणि त्याच्या टोकाची निमुळती सुई पेट्रोलची वाट कमीअधिक करते. म्हाताऱ्याने दोहोंना जोडणारा दांडा सैल केला, रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक तोंडाशी धरले. दोन्हीकडला फूत्कार समान होईतो ते स्क्रू फिरवीत राहिले. दोन तंबोरे एका स्वरात मिळवणारा गवई मला आठवला. नंतर दट्ट्या जेमतेम एक मिलिमीटरभर उचलून पाहिला. वेग चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन विझू लागले तर कमी, किंचित चढून पूर्ववत झाला तर प्रमाण बरोबर. येथे वेग चढलाच राहिला. कारण फटीतल्या हवेची भरपाई म्हणून भाच्याने पेट्रोल वाढवून ठेवले होते. खालचे षट्कोनी नट एकेका बाजूने वर फिरवून त्यांनी ते कमी केले.

शेवटची फेरी त्यांनी स्वतः केली नाही. नळी भाच्याच्या हाती दिली आणि म्हणाले, “आता तू ऐक.” त्याला दोनदा चुकू दिले; तिसऱ्यांदा मान डोलावली. इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्यांवर असे स्थिरावले, की बॉनेटवर ठेवलेल्या चहाच्या पेल्यातली तरंगही मंद झाली. गिऱ्हाईकाला त्याच संध्याकाळी नकार गेला.

हालोलच्या नव्या मोटारीत हे काम संगणक करतो, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीला तर मंद चालच नाही. त्यात खंत करण्यासारखे काही नाही. तथापि आपल्या वाड्यांच्या पडवीत अजून एखादी वडिलांची फियाट किंवा हेराल्ड झाकून ठेवलेली असते, आणि तिची ‘स्लो’ लागत नाही एवढ्यावरून तिला भंगाराचा रस्ता दाखवला जातो. ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळण्यापूर्वी हवा कोठून शिरते ते पाहावे. आणि गावात कानाने इंजिन जुळवणारा एखादा जुना मिस्त्री असेल, तर घरातल्या तरुणाला त्याच्या शेजारी उभे करावे.