घट बसलाय, दिवा सांभाळ

कॅल्गरी,
दुसरी माळ

प्रिय शैले,

काजूची पिशवी आणि आतलं पत्र, दोन्ही पोचलं. मामेभावाने विमानतळावरून घरी येईपर्यंतच पिशवी फोडली होती, त्यामुळे काजू किती उरले ते विचारू नकोस. पत्र मात्र शाबूत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तू चार पानं लिहायचीस आणि मी अंगठा दाखवायचा, हे काही बरं नाही.

तू विचारलंयस, "तू म्हणे तिकडं जंगलात गॅसवर लाइट करतेस. ना धूर, ना आवाज. आमच्याकडं गोबरगॅस आहे आणि पावसात चार-चार दिवस लाइट नसते. डीपी जळाला की वायरमनची वाट बघायची. तसलं एक यंत्र आमच्या काजूच्या युनिटवर बसवता येईल का?" एका शब्दात सांगायचं तर नको. पण इतक्या लांबून नुसतं 'नको' म्हटलं तर तू म्हणशील, परदेशात जाऊन शहाणी झाली. म्हणून कारणं सांगते. चहा ठेव आणि बैस.

आधी नाव. आम्ही इथे दिवसभर 'एसओएफसी' म्हणतो, म्हणजे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल. मराठी पुस्तकात फ्युएल सेलला 'इंधनघट' म्हणतात. पॉलिटेक्निकला असताना या शब्दाला आपण दोघी किती हसलो होतो! आता इतकी वर्षं त्याच्याशी झटापट केल्यावर वाटतं, ज्याने कुणी हा शब्द केला त्याला नकळत वर्मच सापडलं. घट बसवला की आपण शेजारी अखंड दिवा लावतो. मग नऊ दिवस घरातल्या कुणाला तरी रात्री उठून तेल बघावं लागतं, वात सारावी लागते. तुमच्याकडे ते काम आत्याबाई करतात, इथे मी करते. माझं यंत्र एकदा तापलं की विझू द्यायचं नाही. पुढचा सगळा पाल्हाळ या एका वाक्याचाच आहे.

माझं काम कुठे चालतं ते सांगते. उत्तर अल्बर्टा म्हणजे शेकडो किलोमीटर स्प्रूसचं जंगल आणि दलदल. हिवाळ्यात दलदल गोठली की तिच्यावरून रस्ता होतो, एरवी कित्येक ठिकाणी हेलिकॉप्टरनेच जावं लागतं. या जंगलाखालून गॅसच्या पाइपलाइनी गेल्यात. जमिनीतलं पोलाद गंजू नये म्हणून पाइपाला सतत हलका डीसी करंट द्यावा लागतो. जवळच पुरलेले लोखंडाचे किंवा ग्रॅफाइटचे कांब त्या बदल्यात झिजतात आणि पाइप वाचतो. त्याशिवाय व्हॉल्व्हवरची मोजमापाची यंत्रं आणि खबर देणारा एक रेडिओ. सगळं मिळून अडीचशे वॅट, म्हणजे तुझ्या युनिटातले तीन पंखे. पण हे तीन पंखे वर्षाचे ८७६० तास फिरले पाहिजेत, उणे चाळीस अंशांतसुद्धा. आणि विजेचा खांब कोसोकोस नाही. पायाखाली पाइप भरून इंधन वाहतंय आणि वर दिवा लावायला वीज नाही. धरण उशाला, कोरड घशाला!

सोलर का नाही, हे तू विचारणारच. डिसेंबरात तिकडे सहा-सात तास उजेड असतो, तोही तिरपा, आणि पॅनलवर बर्फ साचतं. थंडीने बॅटऱ्याही आखडतात. डिझेलचा जनरेटर घ्यावा तर दर दोन-अडीचशे तासांनी ऑइल बदलायला माणूस पाठवा. म्हणून तिथे हे कपाट बसवतो.

हो, दिसायला ते राखाडी पत्र्याचं कपाटच आहे. दार उघडलंस तरी आगबिग काही दिसणार नाही. आत उष्णता अडवणारी जाड गादी आणि गादीच्या पोटात नळ्यांचा जुडगा. एकेक नळी बोटाएवढी जाड, हातभर लांब, कपबशीसारखी भाजलेली. भिंत तीन थरांची. आतला थर निकेलचा, तिकडून गॅस जातो. बाहेरचा थर हवेकडचा. मधे झिरकोनियाचा पातळ पडदा, त्यात थोडं यिट्रियम कालवलेलं. सगळी करामत या पडद्याची. गार असताना तो खापरीसारखा मठ्ठ. सातशे-आठशे अंशांवर गेला की ऑक्सिजनला वाट देतो.

हवेतला ऑक्सिजन बाहेरच्या थरावर दोन इलेक्ट्रॉन उचलतो, पडद्यातून आत उतरतो, तिथे गॅसशी जुळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि उचललेले इलेक्ट्रॉन तिथेच टाकतो. त्या इलेक्ट्रॉनांना पडद्यातून परत फिरता येत नाही. त्यांना तारेने वळसा घालून यावं लागतं. तो वळसा म्हणजे वीज. ज्योत नाही, पिस्टन नाही, फक्त एका पंख्याची घरघर. एका नळीला साधारण पाऊण व्होल्ट मिळतो. बत्तीसेक नळ्या एकीला एक जोडल्या की चोवीस व्होल्ट, आणि पाइपाला हवा तसा डीसीच.

पेपरात वाचलेल्या पुण्याच्या हायड्रोजन बसबद्दलही तू लिहिलंयस. एनसीएल आणि केपीआयटीने २०२२ मध्ये दाखवलेली ती बस या जातीची नव्हे. तिच्यातला घट शांत डोक्याचा, ऐंशी अंशांच्या आत काम करणारा. पण त्याला प्लॅटिनम लागतं आणि हायड्रोजन अगदी सोवळ्यातला. कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा त्याला खपत नाही. माझा घट तापट, पण खाण्याच्या बाबतीत कुरकुर कमी. मिथेन चालतो, प्रोपेन चालतो, कार्बन मोनॉक्साइड तर तो इंधन म्हणूनच खातो, आणि प्लॅटिनम मागत नाही. पथ्य एकच, गंधक नको. निकेलला गंधक बाधतं. आपल्या सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, आणि त्यात गंधकच असतं. म्हणून गॅस आधी फिल्टरमधून गाळून घ्यायचा.

या पडद्याची मूळ गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ग्योटिंगेनला वाल्टर नेर्न्स्ट यांनी याच मातीच्या कांडीचा विजेचा दिवा केला. अडचण अशी, की गार कांडीतून वीज जाईना. मग आधी काडी ओढून किंवा स्पिरिटच्या ज्योतीवर ती तापवायची, मग दिवा लागायचा. विजेचा दिवा काडेपेटीने लावायचा! हे दिवे खरोखर विकले गेले. पुढे १९३७ मध्ये झुरिकला एमिल बाऊर आणि हान्स प्राइस यांनी तसलाच पदार्थ हजार अंशांवर तापवून पहिला घट चालवून दाखवला. आज तुझ्या भावाच्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यातही बहुधा हाच झिरकोनिया आहे.

आता माझी फजिती. ही अजून घरी कुणाला सांगितलेली नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, बाहेर उणे अडतीस, आणि एक किरकोळ सेन्सर बदलायचा होता. हातमोज्यांत बोटं वळत नव्हती, परतीच्या गाडीची घाई होती, म्हणून सावकाश बंद करायची पद्धत सोडून मी सरळ लाल बटण दाबलं. गॅस तुटला, पण आत सातशे अंश तसेच. मागच्या वाटेने हवा आत शिरली. तापल्या निकेलला हवा लागली की त्याचा ऑक्साइड होतो, तो फुगतो आणि वरचा पडदा तडकतो. आपल्या लहानपणी कंदील विझवल्या विझवल्या ओल्या फडक्याने काच पुसली की काय व्हायचं, आठव.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवायला घेतलं. घाईने तापवलं तरी तडे जातात, म्हणून थोडं थोडं, तासन् तास. आकडा वर चढताना बघत मी थर्मासमधला सगळा चहा संपवला. संध्याकाळी मीटर घेऊन नळ्या तपासत गेले. पाऊण. पाऊण. पाऊण. शून्य. पाऊण. शून्य. शून्य. नळ्या एकीला एक जोडलेल्या, त्यामुळे एक गेली की सगळी रांग अडते. जुडगाच बदलावा लागला. आमचा मुकादम एक शब्द बोलला नाही. त्याने फक्त लाल बटणावर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं. अजून आहे ते.

एवढं नाजूक आणि महाग यंत्र कशाला पाहिजे, म्हणशील. तर तुझ्याच स्वयंपाकघरातला हिशोब करू. १४.२ किलोच्या सिलिंडरात साधारण १८० युनिट उष्णता असते. या साइटवर पूर्वीपासून थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर चालत आलेत. एका बाजूला बर्नर, एका बाजूला थंडी, मधे विशिष्ट अर्धवाहकांच्या पट्ट्या. हलणारा भाग एकही नाही, बिघडायचं नाव नाही, पण उष्णतेतली जेमतेम चार टक्के वीज हाती लागते. चार टक्के म्हणजे सात युनिट. अडीचशे वॅटला दिवसाला सहा युनिट लागतात. सिलिंडर दुसऱ्या माळेलाच संपला! माझा छोटा घट तीस टक्के देतो धर. ५४ युनिट झाले. भाग सहाने. नऊ दिवस, शैले! अख्खं नवरात्र पार पडतं. हा हिशोब मी काल रात्री मांडला आणि एकटीच हसले.

आणखी एक कारण आहे. इथे व्हॉल्व्ह हलवायला पाइपातल्या गॅसचाच दाब वापरायची जुनी रीत आहे, आणि दर हालचालीला थोडा गॅस हवेत सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट घातक. २०१४ च्या तुलनेत तेल-वायू धंद्यातला मिथेन २०२५ पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचं अल्बर्टाने ठरवलं होतं. व्हॉल्व्हपाशी वीज असली की तेच काम मोटरने किंवा दाबाच्या हवेने होतं. आमचा घट काही साधुसंत नाही, तोही जमिनीतलाच गॅस जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण जेवढा खातो तेवढ्याचं चीज करतो.

आता तुझ्या युनिटकडे ये. तुझ्या मोटरा, ड्रायर, बॉयलरचा ब्लोअर सकाळी आठला सुरू होणार, सहाला बंद. रात्री एक बल्ब. रविवारी बायका सुट्टीवर. म्हणजे दहा तास धावपळ आणि चौदा तास झोप. माझ्या घटाला हे मानवत नाही. रोज तापवायचा, रोज गार करायचा म्हटलं तर वर्षभरात त्याच्या नळ्या तुझ्या काजूच्या टरफलांत मिसळायच्या लायकीच्या होतील. रात्रभर नुसता तापवत ठेवलास तर गॅस फुकट.

गोबरगॅसचंही बघ. तुझा प्लांट दोन घनमीटरचा असेल, तर चार-पाच जनावरांचं शेण घालून दिवसाला बारा युनिट उष्णता मिळते. घटाने त्याची साडेतीनेक युनिट वीज केली, तर चोवीस तास जेमतेम दीडशे वॅट. यात तुझी एक मोटरही फिरणार नाही, आणि आत्याबाईंची चूल बंद पडेल ती वेगळीच. शिवाय गोबरगॅसचा कुजका वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, पुन्हा गंधक. ते काढायला फिल्टर, फिल्टर बदलायला माणूस. तुमच्या आजऱ्यात डीपीसाठी वायरमन मिळेना, घटासाठी कुठून आणशील?

माझं ऐकशील तर गोबरगॅस चुलीलाच राहू दे, तिथे तो सोन्यासारखा आहे. छपरावर सोलर घाल, त्याच्याशी लिथियमची बॅटरी. पावसाळ्यात ते कमी देईल, शून्य देणार नाही. दिवे, वजनकाटा, पॅकिंगचं मशीन निभावेल. मोटरा त्या दिवसांत लाइट येईल तेव्हाच चालवायच्या. तुमच्या वरच्या डोंगरावर मोबाइलचा टॉवर आहे ना, घट शोभेल तो त्याला. रात्रंदिवस सारखा भार, आणि माणूस चढून जायला नको म्हणणारा. फक्त गॅस तिथवर नेणार कोण, हा प्रश्न उरतोच.

तुझ्या धाकट्याला मंगळाचं वेड आहे असं लिहिलंयस. त्याला सांग, याच जातीचा पडदा मंगळावर पोचलाय. पर्सिव्हरन्स गाडीवर 'मॉक्सी' नावाची पेटी होती. तिच्यात हेच काम उलटं चालवलं, म्हणजे वीज घालून तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढला. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या खेपेला पाचेक ग्रॅम, आणि सोळा खेपा मिळून १२२ ग्रॅम. विजेच्या खांबापासून याहून लांबची साइट मला तरी माहीत नाही. तिथे लाल बटण दाबायला मी नव्हते, हे पेटीचं नशीब.

मी यंदाही घरी घट बसवलेला नाही. आठवड्यातले चार दिवस साइटवर असते, इथल्या फ्लॅटमध्ये पेटता दिवा एकटा सोडून जाता येत नाही, आणि धुराची घंटा उदबत्तीलाही कोकलते. गेल्या आठवड्यात त्या जुन्या, माझ्या फजितीच्या साइटवर गेले होते. गंधकाचे फिल्टर दोन आहेत, एक चालू ठेवून दुसरा बदलला. कपाटाच्या धुराड्याखाली वाफ गोठून बर्फाची कांडी लोंबत होती, ती फोडून टाकली. आत ७२० अंश. आताचा जुडगा पेटल्याला चौदा महिने झाले. वहीत तारीख घातली, सही केली आणि झाकणाला हात न लावता दार लावून घेतलं.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. पुढच्या खेपेला काजूबरोबर दोन किलो घनसाळ तांदूळही पाठव, आणि पिशवी शिवून पाठव.

तुझी,
अंजू

ता. क. आत्याबाईंना एक विचारशील? नवरात्रात दिवा विझलाच तर त्या काय करतात? आमच्या मॅन्युअलमध्ये नवा जुडगा मागवा असं लिहिलंय. त्यांच्याकडे याहून स्वस्त काही उपाय असेल तर कळव.