जवसाचा धागा आणि ब्युमॉन्टची माती

ब्युमॉन्टला आमचं घर तसं लहानच, पण मागे हातभर का होईना अंगण आहे, आणि त्या अंगणाच्या कोपऱ्यात आमची खताची पेटी. चहाचा चोथा, भाज्यांची सालं, गणपतीचं निर्माल्य, सगळं तिच्या पोटात जातं आणि वर्षभराने काळी माती होऊन बाहेर येतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणानंतर आम्ही मोठ्या विश्वासाने तिच्यात आणखी दोन वस्तू पुरल्या. एक म्हणजे खत होणारे म्हणून विकत आणलेले पारदर्शक पेले, आणि दुसरी, आमच्या कॉलेजच्या दिवसांतल्या चार पट्ट्या.

या पट्ट्यांची हकिकत सांगायला हवी. वीस वर्षांपूर्वी मास्टर्ससाठी आलो तेव्हा आमचा प्रबंध होता जवसाचा धागा घातलेल्या जैविक प्लास्टिकवर. प्लास्टिक म्हणजे पीएलए, मक्याच्या साखरेपासून केलेलं. आणि जवस म्हणजे तोच हो, आपल्या चटणीतला! आपण बी कुटून खातो, इथे अल्स्टरच्या लोकांनी त्याच झाडाच्या खोडातून धागा काढला आणि लिननचा धंदा जगभर नेला. काचेच्या धाग्याची घनता साधारण २.५, जवसाच्या धाग्याची १.५. त्यामुळे वजनाच्या हिशेबात ताठपणाला तो काचेच्या पंगतीत बसतो. डमरूच्या आकाराच्या पट्ट्या करायच्या, यंत्रात ताणून तोडायच्या आणि आकडे लिहायचे, यात आमचं अख्खं वर्ष गेलं.

अडचण एकच. धागा पाणी पितो आणि प्लास्टिक पाण्याला दूर ठेवतं, त्यामुळे दोघांचं पटत नाही. सोयरीक जमावी म्हणून धागा कॉस्टिक सोड्यात धुवायचा, म्हणजे अंगावरचा मेणचट थर निघून पकड बसते. पकड पक्की तर पट्टी दणकट. ती सैल राहिली की त्याच फटीतून पाणी शिरतं आणि ताकद जाते. हे सगळं आम्ही मोजलं आणि शेवटच्या पानावर ठोकून दिलं, "हा पदार्थ पूर्णपणे विघटनशील आहे." मातीत पुरून मात्र एकदाही पाहिलं नव्हतं!

यंदा वसंतात पेटी उपसली. आई तीन महिन्यांसाठी नागपूरहून आली होती, ती खुर्ची टाकून शेजारी बसलेली. पेले जसेच्या तसे निघाले, फक्त मळलेले. पट्ट्या नळाखाली धरल्या तर चकाकायला लागल्या. जिथे तुटल्या होत्या त्या टोकांना धागे काळे पडून झडले होते, बाकी पट्टी शाबूत. लेक म्हणाली, "बाबा, तू तर म्हणाला होतास याची माती होते." काय उत्तर देणार?

उत्तर आम्हाला ठाऊक होतं, हीच तर लाजेची गोष्ट. पेल्याच्या तळाशी बारीक अक्षरात ईएन १३४३२ असं छापलेलं होतं. हे युरोपचं मानक कारखान्यातल्या खतासाठी आहे. तिथे ५८ अंशांच्या आसपास ऊब सतत राखतात, आणि त्या उबेत १२ आठवड्यांत तुकडे पडावेत अशी अट असते. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि त्या सुमारासच पाणी त्याच्या साखळ्या भराभर तोडू लागतं. डब्लिनच्या अंगणात कुठली आली एवढी ऊब? इथे उन्हाळ्यात २० अंश झाले की लोक बागेत उघडे बसतात!

आईने पट्टी हातात घेऊन निरखली. म्हणाली, "अरे, भिंतीच्या मातीत कुटार घालतात, तसंच की हे. पण ती भिंत दरवर्षी लिंपावी लागायची." मग तिला माहेरची अंबाडी आठवली. "पाण्यात सडत घालायची. कमी सडली तर सोप सुटत नाही, जास्त सडली तर दोर टिकत नाही. रोज जाऊन बघावं लागे." जवसाचा धागाही असाच खोड कुजवून सोडवतात, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पण कुजण्याला जागा लागते, वेळ लागतो आणि लक्ष ठेवणारं माणूस लागतं, हे आमच्या प्रबंधात कुठेच नव्हतं.

म्हणून आता कोणी विचारलं तर आम्ही सांगतो की मोटारीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला असा धागा उत्तम, वर्षानुवर्षं टिकेल. पण एका जेवणाच्या पेल्याला टिकाऊपणा हवाच कशाला? आयर्लंडने २००२ साली प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर लावला, तेव्हा कुठलाही नवा पदार्थ निघाला नव्हता. लोक घरून पिशवी आणायला लागले, एवढंच.

कचरा नेणाऱ्यांना विचारून पेले ब्राऊन बिनमध्ये टाकले. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर त्या वाक्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, "कुठे? किती उबेत? किती दिवसांत?" आणि येत्या गणपतीला स्टीलची ताटं-वाट्या-पेले आणायचे ठरवलं आहे. "धुणार कोण?" हा प्रश्न अर्थातच आला. सौ.ने यादी केली आहे, मंडळी. पहिलं नाव आमचंच आहे, दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे.