परतीची वाट

एका रुग्णालयाच्या दोन इमारतींसाठीं आम्हीं ‘अॅक्टिव्हएमक्यू’चे दोन मध्यस्थ जोडून दिले होते. मध्यस्थ म्हणजे निरोप रांगेंत धरून पुढें धाडणारा. प्रयोगशाळेचे निकाल पहिल्याकडे येत. ते उचलणारा प्रोग्रॅम दुसऱ्याशीं जोडलेला, म्हणून तिकडे जात. एके रात्रीं तो प्रोग्रॅम दुसऱ्यापासून तुटला व पहिल्याला जाऊन मिळाला. मात्र तिकडे पोंचलेले निकाल परतेनात! डॉक्टर वाट पाहत राहिले. आम्हीं जोडण्या पुन्हां पुन्हां तपासल्या, सारें व्यर्थ.

पहाटे उमगलें कीं, यंत्र निर्दोष होतें. निरोप व्यर्थ फिरत राहूं नयेत म्हणून, ज्याच्याकडून निरोप आला त्याच्याकडे तो परत धाडावयाचा नाहीं, हा मूळचाच नियम. आपल्याकडे उचलणारा नसल्यास परत धाडण्याची मुभा ‘रिप्लेव्हेननोकन्झ्यूमर्स’ लिहून द्यावी लागते. शिवाय परतलेला निरोप दुबार समजून गाळला जाऊं नये यासाठीं त्या वेळच्या जुन्या आवृत्तींत रांगेची ‘एनेबलऑडिट’ ही तपासणी बंद करावी लागे. तसें करतांच निकाल वाहूं लागले.

पुढें धाडण्याची व्यवस्था करतांना परतीची वाट आम्हीं योजिलीच नव्हती. चूक आमची, वाट मात्र रुग्णांना पाहावी लागली, हें शल्य अद्याप गेलें नाहीं.