इंजिन खोलण्याआधी धूर बघ

चि. बाळास,


तुझा निरोप वाचला. दादाची मारुती धूर मारते, रिंग-पिस्टन गेले, इंजिन बांधा नाहीतर भंगारात घाला, असं तुला कुणीतरी सांगितलंय. घाई करू नकोस. तू लिहिलेली लक्षणं वेगळंच सांगतात. सकाळी गाडी चालू केली की निळ्या धुराचा भपका निघतो आणि थोड्या वेळात थांबतो. नेमगिरीचा उतार उतरून खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागं पुन्हा लोट उठतो. मला तरी हे वॉल सीलचं दुखणं वाटतं.

हेडमध्ये वॉल ज्या नळीतून खालीवर होतो ती गाईड. वर कॅम आणि रॉकर सतत ऑईलमध्ये न्हात असतात. गाईडच्या तोंडावर करंगळीच्या टोकाएवढी रबरी टोपी असते, ती वॉलच्या दांडीवरचं जादा ऑईल पुसून घेते. अगदी कोरडं करत नाही, कारण दांडीला थोडं ऑईल लागतंच. वर्षानुवर्षं तापून हे रबर कडक झालं की त्याची पकड जाते. मग रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑईल दांडीवरून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. उताराला तू पाय उचललास की कार्ब्युरेटरची झडप मिटते, पण चाकं इंजिनला फिरवतच असतात. पिस्टन हवा ओढतात, हवा मिळत नाही, आणि ती सगळी ओढ इनटेकच्या गाईडवर येऊन ऑईल आत खेचलं जातं. रिंग झिजल्या असत्या तर येलदरीच्या रस्त्याला चार माणसं बसवून चढ चढताना धूर सुटलाच असता, आणि ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर फसफसून वाफ आली असती.

तरी माझ्या अंदाजावर जाऊ नकोस. कॉम्प्रेशन मोजून घे. तिन्ही सिलिंडरचे आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर रिंगांना हात लावायचं कारण नाही. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगलाच चढला तर रिंगमधून गळतंय, कारण ऑईलनं ती फट तेवढ्यापुरती भरली. चढलाच नाही तर वॉल नीट बसत नसेल किंवा हेडचं गॅस्केट गेलं असेल.

1983 साली आलेली ही 796 सीसीची गाडी. कितीतरी घरांची पहिली चारचाकी. दादाच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनला वॉल सहाच, म्हणजे सीलही सहाच. त्या सहा टोप्यांपायी धडधाकट क्रँक, बोअर, पिस्टन सगळं उघडं करतात, तेव्हा मला खरंच राग येतो. कारखान्यात बसलेली जोडणी एकदा मोडली की तशीच पुन्हा बसेल याची खात्री कोण देणार?

जाणता मिस्त्री हे काम हेड न उतरवताही करतो. रॉकर बाजूला काढले की सगळे वॉल बंद असतात. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत भरायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि पान्यानं क्रँक हळूहळू फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी दाबून बसते, वॉलला खालून टेका मिळतो, स्प्रिंग दाबली तरी वॉल आत पडत नाही. त्याआधी ऑईल परत जायची भोकं फडक्यानं बुजवायला सांग. स्प्रिंगचं लॉक तांदळापेक्षा थोडं मोठं. ते निसटून आत गेलं तर मात्र इंजिन खरंच खोलावं लागेल.

जुनी टोपी निघाली की ती दोन बोटांत दाबून बघ. नवी रबरासारखी लवते, जुनी बटणासारखी टणक लागते, कधी तडकतेसुद्धा. त्याच वेळी वॉलची दांडी आडवी हलवून बघायला लाव. चांगलीच डुलत असेल तर गाईड झिजलंय. मग नुसती सील टाकून उपयोग नाही, चार-सहा महिन्यांत धूर परत येईल. अशा वेळी हेड उतरवून परभणीला किंवा जालन्याला लेथवर न्यायचं, गाईड बदलून घ्यायचे आणि वॉल सीटवर घासून घ्यायचे.

सील घेताना पैशाकडे बघू नकोस. साध्या नायट्राईल रबरापेक्षा व्हिटॉनची सील उष्णता फार जास्त सोसते. बसवताना दांडीच्या खाचांवर प्लॅस्टिकचा पातळ तुकडा गुंडाळायचा, नाहीतर खाचेची धार नव्या सीलचा ओठ कापते. ऑईलचं बोट फिरवून, योग्य मापाच्या नळीनं सरळ दाबायची. हातोडी नको.

काम झाल्यावर पहिले काही दिवस थोडा धूर दिसेल, सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळतं त्याचा. घाबरू नकोस. प्लग साफ करून घे, ऑईलच्या काडीवरची पातळी आणि किलोमीटर वहीत लिहून ठेव, आणि हजारेक किलोमीटरनंतर किती ऑईल उतरलं ते मला कळव. कॉम्प्रेशनचे आकडे मात्र त्याआधीच पाठव, ते बघितल्याशिवाय कुणालाही पाना लावू देऊ नकोस.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या